बिरोबा टायपिंगच्या बाई

कुणी बोलता बोलता थांबलं की मला अजून ‘पूर्णविराम’ असं ऐकू येतं. आवाज बाईंचा असतो. जरा घोगरा, अजिबात घाई नसलेला. हे मी फारसं कुणाला सांगत नाही, लोक हसतील म्हणून. पण त्या काळात इंदापुरात टायपिंग शिकलेल्या कुणालाही विचारा, त्यालाही बहुतेक तो ऐकू येत असेल.

बाईंचं नाव शालन मारकड. एसटी स्टँडसमोर खताच्या दुकानाच्या माडीवर त्यांची ‘बिरोबा टायपिंग इन्स्टिट्यूट’ होती. लोखंडी जिना, वर लांबट खोली, भिंतीकडेनं टाइपरायटर आणि रस्त्याच्या बाजूला एक अरुंद गॅलरी. लोक म्हणायचे, देवाचं नाव कशाला टायपिंगला? ‘प्रगती’ ठेवा, ‘मॉडर्न’ ठेवा. बाई म्हणायच्या, “प्रगती कुणाची ते आधी सांगा, मग ठेवते.”

मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो. माझं गाव मोरगावच्या बाजूचं, कोरडवाहू. इंदापुरात मामाकडे राहायचो. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच, त्यामुळे पुढे काय करायचं हे विचारायला घरात कुणी नव्हतं. मामा म्हणाला, बी. ए. होऊन काय होशील ते होशील, टायपिंग करून ठेव. म्हणून मी तो जिना चढलो आणि दारात उभा राहून म्हणालो, “मॅडम, येऊ का?”

बाई रिबन बदलत होत्या. बोटं काळीनिळी झालेली. मान वर न करता म्हणाल्या, “मॅडम पुण्यात असत्यात. हितं बाई म्हणायचं. कितवीला हायस?”

“कॉलेजला आहे.”

“बरं. ए रोहिणी, सरक जरा. कॉलेजला बसू दे.”

तेव्हापासून त्यांनी मला ‘कॉलेज’ अशीच हाक मारली. माझं खरं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, मला आजही खात्रीने सांगता येणार नाही.

बाईंच्या दोन भाषा होत्या. साधं बोलताना आणि चिडल्यावर गावची. उतारा सांगताना मात्र पुस्तकातली, स्वच्छ, एकेक अक्षर वेगळं. उतारा म्हणजे वेग वाढवण्यासाठी शिक्षक तोंडी सांगतात आणि मुलं टाईप करतात तो मजकूर. बाकीच्या ठिकाणी तो छापील पुस्तकातून सांगत. परोपकाराचं महत्त्व, वृक्षारोपण वगैरे. बाई स्वतःच्या मनाने सांगायच्या. सकाळी वर्तमानपत्र वाचायच्या, घडी करून गल्ल्याखाली ठेवायच्या आणि गॅलरीच्या दाराशी उभं राहून सुरू करायच्या:

“मंत्रिमहोदय सकाळी येणार होते स्वल्पविराम ते दुपारी आले पूर्णविराम. त्यांनी कोनशिला बसवली पूर्णविराम. कोनशिला अजून आहे स्वल्पविराम इमारत नाही पूर्णविराम. नवीन परिच्छेद.”

आम्ही हसू दाबायचो. हसलं की बोट चुकतं. बाई म्हणायच्या, “हसायचं ते पास झाल्यावर.”

एकदा एका मुलाचे वडील आले. कुठल्याशा पक्षाचं काम करायचे, खिशाला पक्षाचा बिल्ला. म्हणाले, “बाई, तुमी पोरांना राजकारण शिकवताय म्हनं?”

“न्हाय ओ. मी स्पीड शिकवते. राजकारण ती घरनं शिकून येत्यात.”

मुलाची फी भरून ते गेले, आणि मुलगा पहिल्या प्रयत्नात परीक्षा पास झाला.

बाईंच्या सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, आमच्या भागातल्या एका साखर कारखान्याचा आपला शेअर बाईंच्या नावावर केला होता. पूर्वी आबा मेंढरं घेऊन पार कोकणापर्यंत चालत जायचे. मग मेंढरं विकून थोडी जमीन घेतली, ऊस लावला. सभासद म्हणून बाई वार्षिक सभेला गेल्या. मी तिथे नव्हतो, मामाने पाहिलेलं सांगतो. मांडवभर पुरुष, बाई मधल्या रांगेत. अहवाल वाचून झाला तशा त्या उठल्या.

“कारखान्यानं कॉम्प्युटर घेतलाय असं हितं छापलंय. तो काय काम करतो?”

अध्यक्ष हसले. “ताई, बसा. सभा झाल्यावर केबिनमधे भेटा, सांगतो सगळं.”

“केबिनमधे यायला मी काय तुमच्या घरची पाहुणी हाय का? सभासद हाय. सगळ्यांचा कॉम्प्युटर हाय, सगळ्यांफुडं सांगा.”

मांडवात आधी हशा झाला. मग मागून कुणीतरी ओरडलं, “सांगा की अध्यक्ष!” शेवटी अध्यक्षांनी कबूल केलं, की तो चालवणारा पोरगा नोकरी सोडून गेला, आणि तेव्हापासून मशीन कापड घालून ठेवलंय.

नंतर बाई आम्हाला म्हणाल्या, “उत्तर काय फार मोठं न्हवतं. पण माणूस उठून तोंडानं बोलला. ते महत्त्वाचं.”

त्या वाक्याचा खरा अर्थ मला पुढे कळला.

कॉम्प्युटरबद्दल तेव्हा सगळेच काहीतरी बोलत असत. कुणी म्हणे त्याने नोकऱ्या जाणार, कुणी म्हणे तो शिकला की परदेशातून बोलावणं येणार. बाईंचं मत वेगळंच होतं. “बोटं तीच राहत्यात. खाली काय ठिवायचं ते बघू.” आणि एकदा रिबनवरची धूळ फुंकत म्हणाल्या, “टाइपरायटरवर चूक केली की ती कागदावर दिसती. खोडलं तरी दिसती. कॉम्प्युटरवर म्हणं चूक पुसली की नावनिशाणी ऱ्हात न्हाय. पुढाऱ्यांना लई आवडणार बघ हे मशीन.”

तरीही त्यांनी तीन घेतले. बारामतीला एका कंपनीची शाखा होती, तिथून. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. ज्यांना ते माहीत असायला हवं त्यांच्या बोटांना ते माहीत आहे. कसं, ते पुढे सांगतो. माडीच्या एका टोकाला प्लायवूडचा आडोसा करून आतमध्ये ते तीन ठेवले. मराठी अक्षरंही त्यावर उमटत. हिरव्या अक्षरांत पडद्यावर ‘क’ उमटला तेव्हा रोहिणीने टाळी वाजवली होती. रोहिणी आमच्यातली सर्वांत वेगाने टाईप करणारी, सरडेवाडीकडून सायकलवर यायची. ह्या वर्षी शिकलं तर शिकलं, पुढच्या वर्षी लग्न, असं तिच्या घरी ठरलेलं होतं.

त्या तिघांतलं खिडकीकडचं मशीन पहिल्या आठवड्यापासून अडू लागलं. मध्येच पडदा थिजायचा, कुठलीही कळ दाबा, ढिम्म. ‘हँग’ हा शब्द आम्ही तेव्हा शिकलो. बाई खालच्या एसटीडी बूथवरून बारामतीला फोन करायच्या. पलीकडून उत्तर यायचं, माणूस पाठवतो. माणूस येत नव्हता. बाई पुन्हा जिना उतरायच्या.

असं चालू असतानाच खंडेनवमी आली.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा करतात. ज्याचं पोट ज्यावर चालतं ते त्याचं हत्यार. बाईंकडे दरवर्षी टाइपरायटर पुसून त्यांना झेंडूचे हार घालत, आणि आबा गावाहून पूजेला येत. डोक्याला गुलाबी मुंडासं, खांद्यावर घोंगडं, कमरेला भंडाऱ्याची पिशवी. भंडारा म्हणजे देवाची हळद. ते मूठ भरून भंडारा उधळायचे आणि मोठ्याने म्हणायचे, “बिरोबाच्या नावानं चांगभलं!” टाइपरायटर पिवळे व्हायचे. दुसऱ्या दिवशी आम्ही ते ब्रशने झाडायचो. इतकं साधं होतं ते.

त्या वर्षी आबांनी नव्या मशीनकडे पाहिलं, प्लायवूडच्या आडोशातून आत गेले आणि तिन्हींवर एकेक मूठ टाकली. आम्ही सगळ्यांनी चांगभलं म्हटलं. त्या मशीनला मागे हवेसाठी फटी असतात, आणि भंडारा अगदी पिठासारखा असतो, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नाही. बाईंच्याही नाही.

थोड्या दिवसांनी खिडकीकडचं मशीन कायमचं बंद पडलं. आता मात्र कंपनीचा इंजिनियर लगेच आला. बाजाराचा दिवस होता, आबाही येऊन दाराजवळच्या बाकावर बसले होते. इंजिनियरने पेटीचं झाकण काढलं. आत सगळीकडे पिवळी पूड. त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला, असं मला वाटलं. कदाचित मी हे आता म्हणतोय.

“मॅडम, हळद? हा कॉम्प्युटर आहे हो, नवरी नाही.”

काही मुली हसल्या. मग आबांकडे पाहून पुन्हा आपापल्या कागदाकडे वळल्या.

“हे पूजेच्या आधीपासनं बंद पडतंय,” बाई म्हणाल्या. “मी किती फोन केलं, विचारा तुमच्या हाफिसात.”

“ते काही असो. आत असं काही टाकलेलं असलं की गॅरंटी संपते. कंपनीचा नियम आहे.”

तो गेला. आबा उठले, आणि त्यांनी हळू आवाजात विचारलं, “माज्या हातानं ग्येलं काय गं, शालन?”

“न्हाय आबा. ते आधीच—”

पण ते जिना उतरू लागले होते.

त्यानंतर आबा वर आले नाहीत. बाजाराला यायचे, खाली खताच्या दुकानात पोत्यावर बसायचे, आणि कुणाच्या तरी हाती हिरव्या मिरच्या, वाळकं, हुरडा असं काही वर पाठवायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, “जिना चढवत न्हाय आता.” आणि तेच आबा दर रविवारी बिरोबाची टेकडी चढत होते. हे बाईंना माहीत होतं.

गावात गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. चहाच्या टपरीवर कुणी म्हणे, “काय बाई, मशीनला हळद लागली, अक्षता कधी?” बाई थांबायच्या, त्याच्याकडे नीट पाहायच्या आणि म्हणायच्या, “पत्रिका पाठवते. आहेर आणायला विसरू नगा.” आणि ताठ चालत जिन्याकडे यायच्या. पण जिना चढताना मधल्या पायरीवर जरा थांबायच्या. गॅलरीत उभं राहिलं की ते दिसायचं.

एके दिवशी त्यांनी ती पेटी चादरीत बांधली. मला आणि रोहिणीला सोबत घेतलं आणि आम्ही बारामतीच्या एसटीत बसलो. पेटी बाईंच्या मांडीवर. कंडक्टर म्हणाला, मागं ठेवा. बाई म्हणाल्या, “आजारी हाय, मांडीवरच बरं.”

कंपनीच्या ऑफिसला काचेचा दरवाजा होता आणि त्यावर पाटी, ‘कृपया चपला बाहेर काढाव्यात’. आम्ही काढल्या. आत गारवा, निळे पडदे, सगळे दबक्या आवाजात बोलणारे. मॅनेजर टायवाले, बोलायला सभ्य. त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं आणि इंजिनियरने सांगितलेलंच पुन्हा सांगितलं, फक्त जास्त गोड शब्दांत. अशिक्षित वातावरण, श्रद्धा वगैरे आम्ही समजू शकतो, पण विज्ञान वेगळं.

बाईंनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

“साहेब, एक विचारू? दाराबाहेर चपला काढल्या. पडदं लावलेत, गार हवा सोडलीय, मोठ्यानं कुणी बोलत न्हाय. एवढं सोवळं आमच्या बिरोबाला बी लागत न्हाय. आमचा आबा मशीनवर भंडारा टाकतो तर त्यो अडाणी, आन तुमी मशीनसाठी माणसाला अनवाणी करता त्ये विज्ञान?”

“मॅडम, धुळीचा प्रश्न असतो—”

“असंल. मग मशीन इकताना सांगायचं की, आत काय जाऊ द्यायचं न्हाय म्हणून. तुमच्या माणसानंच नारळ फोडून चालू करून दिलं ते. आन तिन्हींवर भंडारा पडला, दोन चालत्यात. ह्ये तर भंडाऱ्याच्या आधी बंद पडत हुतं. का?”

मॅनेजरांनी तोडगा काढला. खास बाब म्हणून मशीन बदलून मिळेल. फक्त चूक वापरणाऱ्याकडून झाली एवढं बाईंनी मान्य करायचं, म्हणजे त्यांना वर कळवता येईल.

“वर म्हंजे कुणाला?”

“कंपनीला.”

“कंपनीला म्हंजे कुणाला? नाव सांगा. मी बोलते त्यांच्यासंगं.”

“तसं एक माणूस नसतो, मॅडम. कंपनी म्हणजे... कंपनी.”

“बगा म्हंजे. फोन केला की माणूस न्हाय. चूक कुणाची म्हटलं की माणूस न्हाय. फकस्त चूक कबूल करायला तेवढा माणूस पायजे, त्यो माझ्या घरचा.” त्यांनी चादरीची गाठ पुन्हा बांधली. “मला मशीन नको. तुमी इंदापूरला या, आणि हे आधीपासनं बिघडलेलं हुतं एवढं माझ्या पोरांफुडं तोंडानं सांगा. मग ठेवून घ्या तुमचं मशीन.”

मला तेव्हा बाईंचं पटलं नव्हतं, हे खरं. परतीच्या एसटीत रोहिणीच म्हणाली, “बाई, घ्यायचं होतं. मशीन तर मिळालं असतं.”

बाई खिडकीतून उसाच्या बैलगाड्यांकडे पाहत होत्या.

“मशीन मिळालं असतं गं,” त्या म्हणाल्या. “आन आबा?”

दुसऱ्या दिवशी बंद मशीन पुन्हा खिडकीकडच्या जागेवर ठेवलं गेलं, आणि बाईंनी नवीन उतारा सांगितला. तो असा होता:

“आम्ही तीन संगणक विकत घेतले पूर्णविराम. त्यातला एक पहिल्या आठवड्यापासून बंद पडू लागला पूर्णविराम. आम्ही वारंवार कळवले स्वल्पविराम कोणीही आले नाही पूर्णविराम. नवमीला आम्ही तिन्ही संगणकांवर भंडारा वाहिला पूर्णविराम. मग कंपनीचा माणूस आला आणि म्हणाला स्वल्पविराम भंडाऱ्याने बिघडला पूर्णविराम. उरलेले दोन भंडाऱ्यासह चालू आहेत पूर्णविराम. तर मग भंडाऱ्याच्या आधी तो कशाने बिघडला प्रश्नचिन्ह.”

पहिल्या वाक्याआधी कंपनीचं पूर्ण नाव होतं, शाखेसकट. त्यात जोडाक्षरं भरपूर होती. बाई म्हणाल्या, जोडाक्षरांचा सराव चांगला होतो.

तो उतारा पुढे प्रत्येक बॅचला पहिल्याच आठवड्यात यायचा आणि परीक्षेपर्यंत रोज एकदा. नव्या मुलांना त्यामागची गोष्ट माहीतही नसे. ती फक्त वेग वाढवत. वर्षभरात तालुक्याच्या कचेऱ्यांत, पतसंस्थांत, शाळांच्या ऑफिसांत बाईंची मुलं चिकटली. कुणी नवं मशीन चाचपून पाहताना, नवी रिबन लावल्यावर, हात मोकळे करायला म्हणून काहीतरी टाईप करतोच. काय करत असतील ते सांगायला नको.

पुढच्या वर्षी नवरात्राच्या जरा आधी त्याच कंपनीने इंदापुरात एका सभागृहात प्रात्यक्षिक ठेवलं. पतसंस्थांचे अध्यक्ष, मुख्याध्यापक, कारखान्याची माणसं बोलावली होती. आमच्या कॉलेजनेही काही विद्यार्थी पाठवले, त्यात मी होतो. टायवाले मॅनेजर माईकवर होते. पडद्यावरचा मजकूर मागच्यांनाही दिसावा म्हणून मोठा टीव्ही जोडला होता.

“कॉम्प्युटरवर मराठी किती सोपं आहे ते पाहा. कुणी टायपिंग येणारं आहे का? काहीही टाईप करा.”

रोहिणीला तेव्हा एका पतसंस्थेत नोकरी लागली होती, म्हणून लग्न थोडं पुढे ढकललं होतं. तिच्या अध्यक्षांनी तिला पुढे केलं. ती खुर्चीवर बसली, पदर खोचला, आणि तिची बोटं चालू लागली.

टीव्हीवर आधी कंपनीचं पूर्ण नाव उमटलं, शाखेसकट. मॅनेजर खूश झाले. “पाहा, जोडाक्षरंसुद्धा किती छान!” मग पुढचं वाक्य आलं. मग त्याच्या पुढचं. सभागृहात कुणीतरी मोठ्याने वाचायला लागलं. भंडाऱ्यापर्यंत आल्यावर मागच्या रांगेतले कारकून एका सुरात वाचू लागले, कारण त्यांना पुढचं पाठच होतं. मॅनेजरांनी हात पुढे केला, पण वायर कुठली काढायची ते त्यांना सापडेना. ‘प्रश्नचिन्ह’ हे तर सगळं सभागृहच म्हणालं.

रोहिणी उठली, लाल झाली होती. “चुकलं का काही, सर? हात आपोआप चालले.”

पतसंस्थेचे अध्यक्ष हसून हसून डोळे पुसत होते. मग ते गंभीर झाले. “साहेब, मशीन चांगलं दिसतंय. पण आधी बाईंचं मिटवा. मग आमचं बघू.” बाकीच्यांनी माना हलवल्या.

मी धावत जाऊन बाईंना सगळं सांगितलं. मला वाटलं त्या हसतील. त्या फक्त म्हणाल्या, “रोहिणीनं प्रश्नचिन्ह दिलं ना? ती इसरती कधी कधी.”

मॅनेजर आले ते बाजाराच्या दिवशी. जिन्यावर त्यांच्या बुटांचा आवाज झाला. दारात थांबून ते बूट काढू लागले.

“ऱ्हाऊ द्या,” बाई म्हणाल्या. “हितं माणसं बसत्यात. बूट चालतो.”

मग माझ्याकडे वळल्या. “ए कॉलेज, खाली आबा बसल्यात. म्हणावं, शालननं वर बोलावलंय. न्हाय म्हणाले तर हात धरून आण.”

आबा नाही म्हणाले. मी हात धरला. ते जिना चढले, पण आत आले नाहीत, उंबऱ्याशीच घोंगडं टाकून बसले.

मॅनेजरांनी घसा साफ केला. “झालेल्या गैरसमजाबद्दल कंपनीला खेद—”

“कंपनी न्हाय. तुमी बोला. आणि सावकाश. पोरं टाईप करणार हायेत.”

आम्ही सगळ्यांनी कागद चढवले. मॅनेजरांनी खोलीकडे पाहिलं. मला वाटलं ते परत जातील. पण ते बोलले, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणापासून मला ते थोडे आवडले.

“मी, बारामती शाखेचा मॅनेजर, सांगतो की...”

“स्वल्पविराम,” बाई म्हणाल्या.

“...स्वल्पविराम... हे मशीन मुळातच सदोष आलं होतं.”

“पूर्णविराम?”

“पूर्णविराम. त्या खेपेची आणखीही काही मशीन परत आली होती. आम्हाला ते माहीत होतं. पूर्णविराम.” ते थांबले. “भंडाऱ्याने ते बिघडलं नाही.”

खोलीभर टाइपरायटर वाजत होते. ते थांबेपर्यंत बाई थांबल्या.

“शेवटचं वाक्य परत सांगा, साहेब. दाराशी बसल्यात त्यांना ऐकू गेलं नसंल.”

मॅनेजर दाराकडे वळले. आता त्यांना कळलं असावं, हे सगळं कुणासाठी चाललंय. ते नीट, मोठ्याने म्हणाले, “आबा, तुमच्या भंडाऱ्याने ते बिघडलं नाही.”

आबांनी मुंडासं सारखं केलं. मग म्हणाले, “मेंढरू कवा कवा जन्मताच अधू असतंय. त्यात लाज कसली, साहेब? बाजारात आमी तसं सांगूनच इकत हुतो.”

नवं मशीन नवमीच्या आदल्या दिवशी आलं. पूजेला मी होतो. त्यानंतर लगेच मी उरलेलं शिक्षण पूर्ण करायला पुण्याला गेलो, म्हणून बाईंना मी शेवटचं पाहिलं ते असं.

हार घालून झाले होते. आबा आडोशाच्या आत गेले, पण ह्या वेळी त्यांनी पिशवीत मूठ घातली नाही. बोट भंडाऱ्यात बुडवून प्रत्येक पडद्याच्या वर एकेकदा टेकवलं, लहान पोराच्या कपाळाला टेकवावं तसं. आणि हळूच म्हणाले, “झाकान घाल गं त्याच्यावर. उगं परत काय नको.”

बाईंनी मशीनवर कव्हरं घातली. एकेक, कोपरे ओढून नीट. मग त्यांनी आबांच्या कमरेची पिशवी सोडवून घेतली, खोलीच्या मध्यावर आल्या आणि दोन्ही मुठी भरून भंडारा वर छताकडे उडवला.

“बिरोबाच्या नावानं!”

“चांगभलं!” आम्ही ओरडलो. आणि आमच्यावर, टाइपरायटरवर, कव्हरांवर, आबांच्या गुलाबी मुंडाशावर पिवळं पिवळं उतरत राहिलं. खाली स्टँडवरचे लोक मान वर करून पाहू लागले. गॅलरीतूनही थोडा भंडारा खाली गेला असणार. आबा हसत होते, तोंडावर घोंगड्याचं टोक धरून.

बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. केस, भुवया सगळं पिवळं. गल्ल्याखालचं वर्तमानपत्र काढून त्यांनी झटकलं.

“चला, बसा. कागद चढवा,” त्या म्हणाल्या. “स्टँडासमोरच्या रस्त्याचा ठेकेदार. नवीन उतारा.”